कोलकात्यात साडेतीन आठवडे राहायचंय : आई, मी आणि लेक, मदत हवी

चिंचपाणी | ५ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. जानेवारीत मला सलग रजा मिळतेय, साठलेली आहे, आता घेतली नाही तर बुडेल, म्हणून ३ ते २७ जानेवारी कोलकात्यात जाऊन राहायचं ठरवलंय. आम्ही तिघी. आई ७४ वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालंय, सपाटीवर किलोमीटरभर आरामात चालते पण जिना थांबत थांबत, आणि चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. मी ५१. लेक २४, तिचं काम लॅपटॉपवर चालतं त्यामुळे सोमवार ते शुक्रवार दुपारी २ ते रात्री १० ती घरात हवी आणि नेट नीट हवं.

कोलकाताच का, तर आईमुळे. आजोबा वाचनालयातून मामा वरेरकरांनी केलेले शरदबाबूंचे (बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय) अनुवाद आणायचे आणि आई ते चोरून माळ्यावर बसून वाचायची, तेव्हा ती सातवीत होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते घाट, त्या गल्ल्या, ती एकत्र कुटुंबं पक्की बसली आहेत. पण पूर्वेला ती नागपूरच्या पुढे कधी गेलीच नाही. बाबा होते तेव्हा दर दिवाळीत "पुढच्या वर्षी नक्की" व्हायचं आणि ते राहूनच गेलं.

तर प्रश्न असे: राहायला कुठला भाग बरा? आई अंडंसुद्धा खात नाही, तिचं जेवणाचं काय? नाशिकहून रेल्वेने जावं की मुंबईहून विमानाने? आणि मुख्य म्हणजे दिवस कसे लावायचे? मी एक्सेलमध्ये यादी केलीय त्यात ६४ ठिकाणं झालीत. आईने ती बघितली आणि म्हणाली, "अगं हे परीक्षेचं टाइमटेबल आहे का?" तेव्हापासून मी जरा गडबडलेय.

भटकतारा | ५ ऑक्टोबर

चांगला बेत आहे पण साडेतीन आठवडे एकाच शहरात जास्त होतात असं माझं प्रामाणिक मत. कोलकाता ५ दिवस पुष्कळ. मग न्यू जलपायगुडीला जाऊन दार्जिलिंग, गंगटोक, परत येऊन सुंदरबन, जमलं तर पुरी. एवढी रजा परत मिळत नाही, जास्तीत जास्त बघून घ्या.

अबोली_वसई | ५ ऑक्टोबर

राहण्याबद्दल एक सावधगिरीची गोष्ट सांगते. आम्ही गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन दहा दिवस गेलो होतो, फ्लॅट ऑनलाइन बुक केला, फोटो छान, "लिफ्ट आहे" असं लिहिलेलं. गेल्यावर कळलं की लिफ्ट आहे खरी पण ती पुढच्या इमारतीत, आमचा फ्लॅट मागच्या जुन्या भागात तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना लाकडी, अरुंद, वळणावर दिवा नाही. सासूबाई दहा दिवसांत फक्त चार वेळा खाली उतरल्या. मला अजून त्याचं वाईट वाटतं, त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही म्हणून तर जास्तच. त्यामुळे मालकाकडून गेटपासून फ्लॅटच्या दारापर्यंत चालत येतानाचा व्हिडिओ मागवा. मधले उंबरे, पायऱ्या, बाथरूमची पायरी सगळं दिसलं पाहिजे. देत नसेल तर ती जागा सोडा.

रूळबदल | ६ ऑक्टोबर

रेल्वेने जा, नाशिकरोडवरून गीतांजली. मुंबई–हावडा हा प्रवास साधारण तीस तासांचा आहे, तुम्ही सकाळी बसाल आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला, थोडा उशीर धरूनच चाला. ही गाडी डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झाली, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, आणि तेव्हा तिच्यात पहिला वर्ग नव्हताच, सगळ्यांना एकच वर्ग. ज्यांना कोलकाता पुस्तकांतून माहीत आहे त्यांनी तिथे पहिल्यांदा याच गाडीने जावं असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलंय, म्हणजे ३ जानेवारीचं तिकीट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडेल, तारीख मोजून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी आठला बसा. आणि हे नीट वाचा: लोअर बर्थचा कोटा ४५ वर्षांवरच्या बायकांनाही मिळतो पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. म्हणून तुमचं आणि आईंचं एक तिकीट काढा, लेकीचं वेगळं. तिघींचं एकत्र काढलंत तर तो कोटा मिळणार नाही.

अजून एक, खड्गपूर गेल्यावर जागे राहा. कोलाघाटला रूपनारायण नदीचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की लगेच देउलटी नावाचं छोटं स्टेशन. गीतांजली तिथे थांबत नाही. पण त्याच देउलटीजवळ सामताबेडला शरदबाबूंचं घर आहे. आईंना खिडकीत बसवा.

चिंचपाणी | ६ ऑक्टोबर

रूळबदल, हे वाचून मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, आत जाऊन चहा टाकला. नंतर विचारते, "नदीकाठचंच ना ते घर?"

गंगाकाठ | ७ ऑक्टोबर

चिंचपाणी ताई, मी ११ वर्षं कोलकात्यात नोकरीला होतो, ढाकुरियाला राहायचो, माझ्या मुली तिथे वाढल्या. सविस्तर लिहितो, लांबेल.

आधी भटकतारा यांच्या मुद्द्याबद्दल. दार्जिलिंग सुंदर आहे, वाद नाही, पण जानेवारीत ७४ वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईंना तिथल्या चढउतारावर आणि त्या थंडीत का न्यायचं? आणि त्याहून महत्त्वाचं, त्यांना शहर बघायचं नाहीये, त्यांना तिथे राहायचंय. लोक व्हिक्टोरिया, हावडा ब्रिज, दक्षिणेश्वर करून तिसऱ्या दिवशी कंटाळतात आणि शहर गलिच्छ आहे म्हणून परत येतात. कोलकाता पाड्यात आहे. पाडा म्हणजे आपली आळी समजा, शब्द आपल्याकडेही आहे. कोपऱ्यावरचा चहावाला, मिठाईचं दुकान, सकाळी पेपर वाचत ओट्यावर बसलेले म्हातारे (त्या ओट्याला ते "रॉक" म्हणतात), मासळीवाल्याशी घासाघीस. हे चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागतं, जेव्हा चहावाला न विचारता कमी साखरेचा चहा देतो. म्हणून माझं एकच सांगणं: दिवसाला एकच ठिकाण, आणि आठवड्यातले दोन दिवस पूर्ण रिकामे. ६४ ची यादी १५ वर आणा.

भाग. दक्षिण कोलकाता घ्या, कालीघाट मेट्रो स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर, म्हणजे देशप्रिय पार्क, लेक मार्केट, किंवा थोडं पुढे गरियाहाट-गोलपार्क. लेक मार्केटला जुनी तमिळ वस्ती आहे त्यामुळे इडली, डोसा, फिल्टर कॉफी सकाळी मिळते, आईंचा नाश्ता सुटला. रवींद्र सरोवर फिरायला जवळ, तिथली वाट सपाट आहे. जवळच हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, मराठी माणसांचं जुनं ठिकाण, तिथेही राहण्याची चौकशी करून बघा. उत्तर कोलकाता जीव लावणारं आहे पण राहायला तुमच्यासाठी अवघड, जुन्या घरांचे जिने अबोली सांगतायत तसेच. उत्तरेला मेट्रोने जाऊन या.

मेट्रो. देशातली पहिली, २४ ऑक्टोबर १९८४ ला एस्प्लनेड ते भवानीपूर सुरू झाली. आता दक्षिणेश्वरपर्यंत सरळ जाते. स्मार्ट कार्ड काढून टाका. सकाळी साडेनऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ आईंना घेऊन चढू नका. रविवारी गाड्या उशिरा सुरू होतात. आणि हावडा ते एस्प्लनेड नदीखालून जाणारी मेट्रो मार्च २०२४ पासून चालू आहे, नदीखालचा तुकडा पाऊण मिनिटाचाच असतो आणि तिथे निळे दिवे लावलेत.

वेळ. हे कुणी सांगत नाही. जानेवारीत तिथे सव्वापाचच्या आतच अंधार पडायला लागतो. आपल्याला नाशिक-मुंबईच्या हिशोबाने साडेसहाची सवय असते आणि मग चारला घरून निघून काहीच बघून होत नाही. सकाळी साडेआठ-नऊला निघा, एकला घरी. लेकीच्या कामालाही ते जुळतं.

बंद दिवस. व्हिक्टोरियाची दालनं, इंडियन म्युझियम (१८१४ चं आहे, आपल्या देशातलं सगळ्यात जुनं), जोडासांकोचं ठाकूरबाडी (रवींद्रनाथांचं घर), एल्गिन रोडचं नेताजी भवन, सगळं सोमवारी बंद. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ दुपारी बंद असतात. म्हणून सोमवार हा रिकामा दिवस.

हवा. थंडी सुखाची, एक स्वेटर आणि शाल पुरते. पण डिसेंबर-जानेवारीत हवा खरंच खराब असते, सकाळी धुकं नाही तर धूरच असतो बऱ्याचदा. आईंना दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांशी आधी बोला, आणि तळ्यावर फिरायला उजाडता उजाडता जाऊ नका, ऊन आल्यावर जा.

१० ते १५ जानेवारी बाबूघाटाकडे जाऊ नका. गंगासागरच्या मेळ्यासाठी देशभरातून साधू आणि यात्रेकरू तिथे उतरतात. बघण्यासारखं असतं पण चालणं कमी असलेल्या माणसासाठी नाही.

साधंवरण | ७ ऑक्टोबर

गंगाकाठ, साष्टांग. वाचनखूण साठवली.

जेवणाबद्दल मी लिहिते, मी शाकाहारी आणि दोन वर्षं तिथे होते. "बंगालमध्ये शाकाहारी माणूस उपाशी मरतो" हे साफ चूक आहे. शब्द लक्षात ठेवा: निरामिष. व्हेज म्हटलं की पनीर पुढे येतं, निरामिष म्हटलं की घरचं खाणं समोर येतं. विधवांच्या स्वयंपाकघरातून आलेली ही परंपरा आहे, त्यांना मासे, कांदा, लसूण सगळं वर्ज्य असायचं आणि त्यांनी त्या बंधनात राहून केलेलं खाणं इतकं नाजूक आहे की मला ते खाताना दर वेळी त्या बायका आठवायच्या. शुक्तो सुरुवातीला खातात, कडवट, दुधाची चव असलेलं. मोचार घोंटो म्हणजे केळफुलाची भाजी, कोकणातल्या लोकांना घरी आल्यासारखं वाटेल. आलू पोस्तो खसखशीतलं. धोकार डालना म्हणजे हरभऱ्याच्या डाळीच्या वड्या रश्शात. छोलार डाल खोबऱ्याचे तुकडे घातलेली, लुचीबरोबर. आणि जानेवारीत कोडाईशुंटिर कोचुरी सोडू नका, ताज्या मटाराचं सारण.

पण सावध: केळफुलात आणि कोबीत कोलंबी घालतात, डाळीत माशाचं डोकं घालतात, आणि त्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही. त्यामुळे दर पदार्थाला विचारायचं, "माछ नेई तो?" दोनदा विचारलं तरी कुणी रागावत नाही. (राग शब्द त्यांचाही हाच आहे, अर्थही हाच.) बाकी घर भाड्याने घ्याल तर गॅस आणि कुकर आहे ना ते बघा. रोज बाहेरचं आईंना झेपणार नाही.

भटकतारा | ८ ऑक्टोबर

गंगाकाठ यांचं पटलं. मी स्वतःच्या वयाच्या हिशोबाने लिहिलं होतं, आईंचा विचार आधी करायला हवा होता. एक विचारतो, मग दुर्गापूजेत का नाही जायचं? २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलीय, तेच तर खरं कोलकाता ना?

गंगाकाठ | ८ ऑक्टोबर

भटकतारा, पूजा आयुष्यात एकदा बघावीच. पण रात्रभर मैलोन्‌मैल पायी फिरणं आणि रांगा म्हणजे पूजा, रस्ते बंद, घरभाडी भरमसाट. यांना जानेवारीच बरा. यंदा २३ जानेवारीला सरस्वतीपूजा आहे, ती त्यांना सापडेल. घराघरांतली, शाळांमधली, आटोपशीर पूजा. सगळ्या मुली पिवळ्या साड्या नेसून सकाळी शाळेत निघतात, ते बघा. तिथे लहान मुलं सरस्वतीपूजा होईपर्यंत बोरं खात नाहीत, देवीला आधी दाखवायची म्हणून. आपल्याकडे संक्रांतीला बोरन्हाण, त्यांच्याकडे हे. आणि त्या आधी पंधरा दिवस कुमारटुलीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत जा, सगळीकडे सरस्वतीच घडत असतात.

पाटीपेन्सिल | ९ ऑक्टोबर

एक दिवस श्रीरामपूरला द्या, आपलं नगर जिल्ह्यातलं नाही, हुगळीकाठचं. हावड्याहून लोकलने अर्धा-पाऊण तास. मराठी माणसासाठी ही जागा मोलाची आहे. विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण तिथे छापलं, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, त्यातले मराठी शब्द मोडीत आहेत. वैजनाथ नावाचे मराठी पंडित त्याच्या मदतीला होते. छापलेल्या मराठी गद्याची सुरुवातीची पानं पुण्या-मुंबईत नाही तर तिथे, डॅनिश लोकांच्या ताब्यातल्या गावात निघाली. कॉलेज १८१८ चं आहे, त्यात कॅरीच्या नावाचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे, आत जायचं तर आधी फोन करून परवानगीचं विचारा.

आणि हेही सांगायला हवं. तिथे आपली आठवण सगळी चांगली नाही. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालमध्ये जी लूट केली ती अजून त्यांच्या अंगाईगीतात आहे, पोरांना झोपवताना "बर्गी" येतील म्हणतात, बर्गी म्हणजे आपले बारगीर. त्या भीतीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. नंतर तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारमध्ये मराठा डिच लेन अशी पाटी आजही आहे. मी तिथे उभा राहिलो तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं. शाळेत आपल्याला त्या स्वाऱ्या वेगळ्या तोंडाने शिकवलेल्या असतात.

चिंचपाणी | १६ नोव्हेंबर

ताजी खबर. तिकिटं झाली! रूळबदल यांच्या सांगण्याप्रमाणे दोन वेगळी काढली, दोन्ही लोअर बर्थ मिळाले, लेक बाजूच्या डब्यात. घर देशप्रिय पार्कजवळ, तळमजला, दारात एकच पायरी, व्हिडिओ मागवला होता (अबोली, तुमच्या सासूबाईंमुळे माझी आई रोज खाली उतरणार आहे, मनापासून आभार). भाडं महिन्याच्या हिशोबाने ठरवलं तर दिवसाच्या दरापेक्षा पुष्कळ कमी पडलं, हे इतरांनीही लक्षात ठेवा, पंचवीस दिवस राहणार असाल तर दिवसाचा दर मान्यच करू नका. नेटचा वेग मालकाने फोनवर मोजून दाखवला.

यादी १४ वर आली. आईने स्वतः फक्त एकच ठिकाण सांगितलं. शरदबाबू १६ जानेवारी १९३८ ला गेले, तर १६ तारखेला देउलटीला जायचं. तिला ही तारीख पाठ आहे हे मला ५१ वर्षांत माहीत नव्हतं.

चिंचपाणी | ९ जानेवारी, कोलकात्याहून

थोडक्यात लिहितेय. पहिले तीन दिवस आम्ही कुठेच गेलो नाही. आईचे पाय प्रवासाने सुजले होते आणि मला फार अपराधी वाटत होतं की दिवस फुकट जातायत. पण आई सकाळी खुर्ची टाकून दारात बसायची आणि तिसऱ्या दिवसापर्यंत समोरच्या घरातल्या बाई तिला "माशीमा" म्हणायला लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आई मराठी बोलते, त्या बंगाली, आणि अर्धा अर्धा तास चालतं.

एक अडचण: काल अहिरीटोला घाटावरून लाँचने हावड्याला जायला गेलो. सकाळी आठला ओहोटी होती आणि धक्क्यावरून खाली तरंगत्या जेटीवर उतरणारा पूल असा काही घसरगुंडीसारखा तिरका झाला होता की आई कठडा धरून थिजलीच. दोन पावलं टाकली आणि मागे वळली. गंगाकाठ, ह्याला काही उपाय?

गंगाकाठ | ९ जानेवारी

अरेरे, हे माझ्याकडून सांगायचं राहिलं, चूक झाली. हुगळीला भरती-ओहोटी असते, भरतीला तोच पूल जवळजवळ सपाट होतो. घाटावरच्या तिकीट खिडकीत विचारा, "जोआर कखन?" म्हणजे भरती कधी. रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पाणी चढलेलं असताना जा, काही त्रास नाही.

चिंचपाणी | १२ जानेवारी

गेलो! पाणी चढलं होतं, पूल सपाट. आईने लाँचच्या कठड्याला धरून अख्खी नदी ओलांडली, बसली नाही.

चिंचपाणी | ८ फेब्रुवारी

परत येऊन दहा दिवस झाले, आता नीट लिहिते.

१४ पैकी ११ ठिकाणं झाली. चंदननगर राहिलं, बॉटनिकल गार्डनचा मोठा वड राहिला, पार्क स्ट्रीटची जुनी दफनभूमी मी आणि लेकीनेच बघितली. इंडियन म्युझियम आईसाठी फार मोठं पडलं, तासाभरात दमली, पुन्हा गेलेच तर एकच दालन ठरवून जाईन. व्हिक्टोरियाच्या आत गर्दी होती, बागेत बसायला जास्त छान वाटलं. नेताजी भवनात मात्र आई फार वेळ थांबली. १९४१ च्या जानेवारीत नेताजी ज्या गाडीतून निसटले ती वाँडरर गाडी तिथे ठेवलीय, आणि आई तिच्या काचेत वाकून बघत म्हणाली, "एवढ्याशा गाडीत."

ट्राम श्यामबाजारहून एस्प्लनेडला घेतली, कॉलेज स्ट्रीटवरून जाते. १८७३ मध्ये कोलकात्यात पहिली ट्राम धावली आणि २०२४ पासून बंद करायच्या गोष्टी चालल्या आहेत, तर जाणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात बसून घ्या. चढताना पायरी उंच आहे, पण कंडक्टरने ट्राम हलूच दिली नाही आई बसेपर्यंत, मागे गाड्या हॉर्न मारत होत्या.

कुमारटुलीत दोनदा गेलो. शोभाबाजार मेट्रोपासून चालत. गल्ली अगदी अरुंद, दोन्ही बाजूंनी मूर्ती, सगळ्या सरस्वती, एकसारख्या बसलेल्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसता पेंढा होता, बांबूच्या चौकटीवर सुतळीने आवळून बांधलेला, हात पाय मान सगळं पेंढ्याचं. एक कारागीर मातीचा गोळा घेऊन अंगठ्याने बोटं घडवत होता, एकेक बोट वेगळं वळून मग हाताला चिकटवायचा, आणि दर बोटाआधी अंगठा पाण्यात बुडवायचा. दहा दिवसांनी गेलो तर त्याच मूर्तींना रंग चढला होता. आमचं पेणच्या गणपतींचं बघणं आहे, तरी हे वेगळं वाटलं.

संक्रांतीला मी तिळगूळ करून नेला होता, समोरच्या बाईंना दिला. त्यांनी ताट भरून पाटीशापटा पाठवला, नोलेन गुळाच्या सारणाचा. नोलेन गूळ म्हणजे खजुरीच्या रसाचा नवा गूळ, थंडीतच मिळतो, आणि त्याचा वास आपल्या गुळासारखा नाही, धुरकट गोड. आईने मधुमेहाची गोळी घेऊन खाल्ला आणि मी काही बोलले नाही.

आता देउलटी. १६ तारखेला लेकीने रजा टाकली, तिघी हावड्याहून लोकलने गेलो. सकाळी उलट दिशेची गाडी म्हणून बसायला जागा मिळाली. स्टेशनबाहेर टोटो मिळतात, बॅटरीवरच्या रिक्षा. घर दुमजली, कौलारू, व्हरांडा, भोवती झाडं. आई आधी घरात शिरलीच नाही, पाठीमागे नदी शोधायला गेली. नदी आता घरापासून लांब सरकली आहे. तिथल्या एका आजोबांनी हाताने दाखवलं की पूर्वी पाणी इथे होतं, अगदी इथपर्यंत. आई जिथे त्यांनी बोट दाखवलं तिथे जाऊन उभी राहिली. मग आत आली, खोलीत त्यांचं सामान जपून ठेवलंय ते बघितलं, आणि व्हरांड्यात खाली बसली. गुडघ्यामुळे ती दोन वर्षांत जमिनीवर बसली नव्हती, खुर्चीच लागते तिला. मी काही म्हणायच्या आत बसली. तासभर बसली. उठवायला मला आणि लेकीला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं, आणि दुखलं तिला, चेहऱ्यावर दिसत होतं.

परत येताना गाडीत म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगायला हवं होतं, फार लांब नाहीये."

अबोली_वसई | ८ फेब्रुवारी

डोळ्यात पाणी आलं. आईंना नमस्कार सांगा.

रूळबदल | ८ फेब्रुवारी

जाताना कोलाघाटचा पूल दिसला का?

चिंचपाणी | ९ फेब्रुवारी

दिसला, दुपारच्या उन्हात. गाडी पुलावर हळू झाली होती. आई खिडकीत होती, तुम्ही सांगितलं होतं तसं.

साधंवरण | ९ फेब्रुवारी

पुस्तकांच्या मेळ्याला गेलात का? आणि मी पण आईला घेऊन पुढच्या जानेवारीत जायचं म्हणतेय, देउलटीच्या घरी दुपारी जेवायची काही सोय आहे का?

चिंचपाणी | ९ फेब्रुवारी

पुस्तक मेळा सॉल्ट लेकला, एक दिवस गेलो, शनिवार होता, गर्दीत आई घाबरली म्हणून अर्ध्या तासात परतलो. तुम्ही सोमवार-मंगळवारी उघडल्या उघडल्या जा.

देउलटीला घराजवळ आईला चालेल असं जेवण आम्हाला दिसलं नाही. आम्ही लुच्या आणि कोरडी बटाट्याची भाजी डब्यात नेली होती, ती झाडाखाली बसून खाल्ली. पाण्याची बाटली भरून न्या. टोटोवाल्याला परत न्यायला यायची वेळ सांगून ठेवा आणि परतीचे पैसे परतल्यावरच द्या. आणि आईला खाली बसायला एक घडीची चटई न्या, फरशी थंड असते.